पिवळी रेघ आणि सासूबाईंचे गुडघे

नळीसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. नगर कार्यालयात बांधकाम तपासनीस म्हणून लागल्यापासून त्यांच्या डाव्या खांद्यावर पारदर्शक नळीचं एक वेटोळं असायचं. त्यात पाणी भरलेलं आणि दोन्ही टोकांना बुचं. नदीकाठच्या गल्लीत ते शिरले की कुणीतरी हमखास म्हणायचं, "गारुडी आला रे." साहेब मनावर घेत नसत. नळीचं एक टोक शिंप्याच्या भिंतीवर धरायचं, दुसरं नव्या बांधकामावर. पाणी दोन्हीकडे एकाच उंचीला थांबतं, मग मधली गल्ली चढाची असो, उताराची असो, नाहीतर सलूनवाल्याची स्कूटर तिच्यात आडवी पडलेली असो.

"माणसाला विचारलं की तो आपल्या सोयीचं सांगतो," साहेब म्हणायचे. "पाण्याला सोय-गैरसोय नसते."

शिंप्याच्याच भिंतीवर का, तर पिवळी रेघ तिथे होती. मोठा पूर आला तेव्हा पाणी कुठवर चढलं हे पुढच्या पिढ्यांना कळावं म्हणून ओल सुकायच्या आधीच कार्यालयाने ती रेघ रंगवून घेतली होती. त्यानंतर नियम झाला की या गल्लीत जो कुणी नवं घर बांधेल त्याचं जोतं, म्हणजे घराची जमीन, रेघेच्या वर निदान एक वीत पाहिजे. नियम एका ओळीचा होता. साहेबांनी त्या ओळीवर अख्खी नोकरी काढली. आमदाराच्या मेहुण्याचं जोतं चार बोटं कमी भरलं तर त्यालाही फोडायला लावलं. स्वतःच्या घराला नऊ पायऱ्या करून घेतल्या. गल्लीतलं एकेक जुनं घर पडत गेलं, नवं होत गेलं आणि प्रत्येकाला नऊ पायऱ्या लागत गेल्या. शेवटी गल्ली दुरून पाहिली की वाटायचं, सगळी घरं चिखलात पाय पडू नये म्हणून परकर वर धरून उभी आहेत.

लोकांनी शिव्या घातल्या, पण एक गोष्ट सगळे कबूल करायचे. गारुडी तोंडदेखलं करत नाही, त्याला नातं-गोतं नाही, नियम म्हणजे नियम. साहेबांना दुसरं काही नको होतं. बढती मिळाली नव्हती, मिळायची आशाही नव्हती, पण हे एवढं नाव त्यांनी जपलं होतं.

आणि मग सासूबाईंचं घर आलं.

सासूबाईंचं घर साहेबांच्या घराला लागूनच होतं, मधे फक्त हातभर बोळ. गल्लीतलं जमिनीला टेकलेलं ते शेवटचं घर. भिंतींना ओल चढली, छप्पर झुकलं, तेव्हा ते पाडून नवं बांधायचं ठरलं आणि बांधून होईपर्यंत सासूबाई लेकीकडे राहायला आल्या. येताना एक ट्रंक, एक पानाचा डबा आणि दोन गुडघे घेऊन आल्या. गुडघे असे म्हणायचं कारण, घरात त्यांची स्वतंत्र दखल घ्यावी लागायची. सकाळी चहाआधी गुडघ्यांची चौकशी, जेवणानंतर गुडघ्यांना शेक, पाहुणे आले की आधी गुडघ्यांची ओळख.

साहेबांच्या नऊ पायऱ्या त्या कशाबशा चढल्या, एकदाच. वर आल्यावर त्यांनी चहूकडे पाहिलं आणि खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसल्या. ती खुर्ची साहेबांची. संध्याकाळी कार्यालयातून येऊन नळी खुंटीला अडकवायची आणि त्या खुर्चीत बसून गल्लीवर नजर टाकायची, हेच साहेबांचं एकमेव व्यसन होतं. त्या दिवशी त्यांनी नळी खुंटीला अडकवली आणि ते काही वेळ तसेच उभे राहिले.

"बसा ना, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "घर तुमचंच आहे."

बसायला स्टूल होतं.

जेवताना सासूबाईंनी विषय काढला. "माझ्या घराला पायऱ्या तीन. फार झालं तर चार. गवंड्याला सांगून ठेवा."

"आई, नऊ येतील."

"नऊ पायऱ्या मी चढणार?"

"नियम आहे."

"बरं," सासूबाई शांतपणे म्हणाल्या आणि भाताचा घास घेतला. "मग बांधून टाका नऊ. भाड्याने द्या कुणाला तरी. मी इथेच राहीन. ही खुर्ची मला मानवली आहे."

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. बायको ताटाकडे पाहत होती. तिचे खांदे हलत होते आणि ते रडण्याने हलत नव्हते.

एका बाजूला खुर्ची आणि उरलेलं आयुष्य, दुसऱ्या बाजूला नाव. साहेब म्हणाले, "रेघेच्या खाली जोतं मी मंजूर करणार नाही. तुमचं असलं तरी नाही."

"मी कुठे म्हणते रेघेच्या खाली करा?" सासूबाई म्हणाल्या. "ती रेघच मला पटत नाही. पूर आला तेव्हा मी शिंप्याच्या दारात उभी होते. शिवायला टाकलेलं कापड वाहून जाईल म्हणून धावत गेले होते. पाणी माझ्या गुडघ्याच्या जरासं वर होतं. आणि आज ती रेघ माझ्या हनुवटीला लागते. तेव्हा माझे गुडघे हनुवटीपाशी होते का हो?"

"वय झालं की माणूस थोडा खचतो, आई."

"दोन हात खचते?"

"तुम्हाला आठवत नसेल. सगळी गल्ली सांगते, पाणी छातीभर होतं."

गल्ली सांगायची हे खरं होतं. नदीचा पूर दोन दिवसांत ओसरला. गल्लीच्या बोलण्यातला पूर मात्र दर वर्षी थोडा थोडा चढतच राहिला. पहिल्या वर्षी लोक गुडघाभर म्हणत, मग कमरेएवढं म्हणू लागले, मग कुणीतरी छातीला हात लावून दाखवला आणि बाकीच्यांना आपलं पाणी कमी पडल्यासारखं वाटलं. सलूनवाल्याची गोष्ट तर पाहुण्यांना मुद्दाम ऐकवली जायची. तो म्हणे त्या पुरात पोहत गेला आणि अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला वाचवून घेऊन आला. नव्या आलेल्या माणसाने शंका काढली की सलूनवाला त्याला हाताला धरून शिंप्याच्या भिंतीसमोर उभा करायचा. "ही बघा सरकारी रेघ. आता बोला." हनुवटीएवढी रेघ पाहिल्यावर कोण काय बोलणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब नळी घेऊन शिंप्याकडे गेले. सासूबाईंचं म्हणणं खोटं ठरवावं आणि परत येऊन तसं सांगावं, एवढाच हेतू होता. शिंपी मशीनवर बसून कॉलर शिवत होता. साहेब भिंतीसमोर उभे राहिले. रेघ छान होती, सरळ होती. तिच्याखाली काळ्या दगडाची जुनी भिंत होती. आणि दगडी भिंतीच्या खाली विटांचे नवे थर होते.

साहेबांची नजर विटांवर गेली आणि तिथेच खिळली.

त्यांना सगळं आठवलं. पुराच्या पुढच्याच वर्षी शिंप्याने घर उचलून घेतलं होतं. घरं उचलणारी मंडळी आली, त्यांनी भिंतींखाली जॅकच्या रांगा लावल्या, मुकादमाने शिट्टी वाजवली की सगळे एकदम अर्धा फेरा फिरवायचे. घर बोटाबोटाने वर जात होतं आणि शिंपी आत बसून पँट शिवत होता, मधेच खिडकीतून डोकावून "अजून किती?" विचारत होता. साहेब त्या वेळी तरुण होते, देखरेखीला होते. घर तिरकं होऊ नये म्हणून चारही कोपऱ्यांवर ते नळी धरत होते. शेवटी घर दोन हात वर गेलं, खाली विटा भरल्या, आणि साहेबांनी पिवळ्या रेघेच्या दोन्ही टोकांना नळी लावून पाहिली. मुकादमाला शाबासकी दिली होती. शब्दसुद्धा आठवत होते. "वा, रेघ केसभरही तिरकी झालेली नाही."

तिरकी झाली नव्हती. अगदी सरळच्या सरळ दोन हात वर गेली होती. पुढे फिकी पडली तेव्हा साहेबांनीच रंगारी बोलावून ती पुन्हा ठसठशीत करून घेतली होती.

"काय शोधताय साहेब?" शिंपी म्हणाला. मशीन थांबली नव्हती.

"तुमच्या घराबरोबर रेघ वर गेली."

"गेली की."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्याच भिंतीवर आहे, साहेब. रोज चूळ भरताना दिसते."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

शिंप्याने दाताने दोरा तोडला. "मला कुणी विचारलं नाही. शिवाय तुम्हीच मला सांगा, मी एकटा वर गेलो होतो. बाकीचे सगळे खाली. येणारा-जाणारा म्हणायचा, 'काय शिंपीकाका, पोपटाच्या पिंजऱ्यातून कसं दिसतं?' मग तुम्ही एकेकाला वर चढवायला लागलात. मी कशाला मोडता घालू?"

साहेब घरी आले, ते कार्यालयात जायचं विसरून. बायकोला स्वयंपाकघरात गाठून हळू आवाजात सगळं सांगितलं. ती ओट्याला टेकून इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं.

"हसतेस काय? सगळ्या गल्लीला मी पाच पायऱ्या जास्तीच्या चढायला लावतोय. रोज. येता-जाता."

"मग सांगून टाका ना."

"सांगू कसं? आजवर कुणाच्या घराच्या वेळी नाही सांगितलं, आणि आता सासूच्या घराच्या वेळी रेघ खाली आली? कोण विश्वास ठेवेल?"

बायकोचं हसू ओसरलं. "आणि नाही सांगितलं तर?"

पलीकडच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "खुर्चीची उशी जरा दुसरी द्या गं. ही कायमची असेल तर मऊ हवी."

जोत्याची आखणी करायचा दिवस उजाडला. गवंडी आला, खुंट्या ठोकल्या. गल्ली आपापल्या पायऱ्यांवर बसली होती. या गल्लीत संध्याकाळ पायऱ्यांवरच जायची. भाज्या तिथेच निवडल्या जायच्या, लग्नं तिथेच जुळायची आणि मोडायची, आणि गारुडी सासूला कसा वागवतो हे बघायला त्या दिवशी सगळे सकाळीच जमले होते. सासूबाईंना गवंड्याने आणि लेकीने दोन्हीकडून धरून खाली उतरवलं आणि प्लॉटच्या मधोमध खुर्ची मांडून दिली. तीच, वेताची.

गवंड्याने नळीचं एक टोक खुंटीला धरलं. साहेब दुसरं टोक घेऊन शिंप्याच्या भिंतीपाशी गेले. सवयीने हात रेघेवर गेला. बूच काढलं. आत पाणी हेलकावे खात होतं. साहेब पाण्याकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांचा हात खाली येऊ लागला आणि चांगला दोन हात खाली येऊन थांबला.

"साहेब, नळी घसरली," सलूनवाला वरून म्हणाला.

"नळी नाही घसरली," साहेब म्हणाले. "रेघ चढली होती."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. जॅक, शिट्टी, शाबासकी, रंगारी, काही म्हणता काही गाळलं नाही. सांगून झाल्यावर गल्लीत इतकी शांतता पसरली की शिंप्याची मशीन ऐकू आली. मग तीही थांबली.

साहेबांना वाटलं होतं, आता पायऱ्यांवरून ओरडा होईल. पण सगळ्यात आधी जो उठला तो सलूनवाला, आणि तो पायऱ्यांबद्दल बोलतच नव्हता.

"एक मिनिट," तो म्हणाला. "म्हणजे पाणी गुडघाभर होतं असं म्हणायचंय तुम्हाला?"

"गुडघ्याच्या जरासं वर."

"म्हणजे मी गुडघाभर पाण्यात पोहलो?"

"पोहलात कुठे?" सासूबाई खालून म्हणाल्या. "चालत होतात. हात मात्र हलवत होतात. आणि ते गिऱ्हाईक स्वतःच्या पायांनी पुढे पळत होतं, तुम्ही वस्तरा घेऊन मागे. वाचवत होतात की काय करत होतात, तेव्हाही मला कळलं नव्हतं."

एक-दोन पायऱ्यांवर कुणीतरी फिसकन हसलं. पण बाकीच्यांचे चेहरे उतरले होते. ज्यांनी कमरेएवढ्या पाण्यातून कपाट ओढलं होतं, ज्यांनी छातीभर पाण्यात डोक्यावर शेगडी धरली होती, त्या सगळ्यांच्या गोष्टी एका झटक्यात गुडघ्यावर आल्या होत्या. माणूस एक वेळ पाच पायऱ्या फुकट चढलेल्या सोसेल. फुकट शूर ठरला होता, हे कसं सोसेल?

"सासूबाईंच्या घरालाच रेघ खाली येते, वा," सलूनवाल्याने शेवटी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. "आमच्या वेळी पाण्याला सोय नसते म्हणायचात. आता झाली वाटतं सोय."

साहेब शिंप्याकडे वळले. "काका, तुम्ही सांगा."

"मी बुवा शिवणकाम करतो," शिंपी म्हणाला आणि आत गेला.

"आजवर या माणसाने नातं बघितलं नाही," कुणी म्हणालं. "आता बघितलं," दुसऱ्याने पूर्ण केलं. साहेब नळीचं टोक धरून तसेच उभे होते. बूच लावायचं राहिलं होतं आणि पाणी त्यांच्या बुटांवर ठिबकत होतं.

नियमाने सासूबाई जिंकल्या होत्या. विटा तर कुणी नाकारू शकत नव्हतं, चार जणांनी जाऊन त्या पाहिल्याही. गवंड्याने नव्या उंचीला दोरी बांधली आणि फळ्या टाकून तेवढं एक व्यासपीठ करून दिलं. चार पायऱ्यांएवढंच होतं. सासूबाईंना वर नेऊन खुर्चीत बसवलं.

"बघा आई," साहेब कोरड्या आवाजात म्हणाले, "ही तुमची जमीन. इथे तुमचं दार येईल."

सासूबाईंनी समाधानाने गुडघ्यांवरून हात फिरवला. मग समोर पाहिलं. समोर सलूनवाल्याच्या बायकोची चप्पल होती, अगदी नाकासमोर. डावीकडे पाहिलं, तिथे कुणाचे तरी घोटे. उजवीकडे पायांची एक अख्खी रांग. वर, बऱ्याच वर, तोंडं होती आणि ती एकमेकांकडे वाकून काहीतरी बोलत होती.

"काय म्हणताहेत त्या?" सासूबाईंनी लेकीला विचारलं.

"कोण जाणे. इथवर ऐकू येत नाही."

सासूबाईंनी मान उंचावून पाहिली. मान दुखली. त्यांनी कानामागे हात धरला. वरून हसण्याचा आवाज आला, पण कशाला हसले ते काही खाली आलं नाही. सासूबाईंचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तीन आठवडे जावयाच्या खिडकीत बसून त्यांनी या गल्लीतलं एकही भांडण चुकवलेलं नव्हतं.

"गवंडीदादा," त्या म्हणाल्या. "ही दोरी सोडा."

"का हो आजी?"

"इथे राहिले तर मला मरेपर्यंत लोकांचे तळवे बघावे लागतील. बोलणं सगळं वरच्या वर जाणार. मी काय इथे पायपुसणं म्हणून राहायचं? सगळ्यांच्या बरोबरीला घ्या. पिवळ्या रेघेला."

"आई," साहेब कसेबसे म्हणाले, "आता तशी गरज नाही. नियमात बसतं हे."

"नियम म्हणतो 'निदान'. जास्त करू नका असं म्हणतो का?"

"नाही."

"मग झालं तर."

पायऱ्यांवर कुजबुज थांबली. सलूनवाला आधी थोडा गोंधळला, मग त्याच्या तोंडावर मोठं समाधान पसरलं. म्हातारीसुद्धा हनुवटीलाच आली, म्हणजे हनुवटी काही अगदीच खोटी नव्हती. "शेवटी नियम सगळ्यांना सारखा," तो मोठ्याने म्हणाला. "गारुडी आहे, पण सरळ आहे." गल्लीने माना डोलावल्या. गेलेलं नाव साहेबांना असं चालत परत मिळालं, तेही ज्या सासूमुळे गेलं होतं तिच्याच हातून. ते सासूबाईंकडे कृतज्ञतेने बघत होते, तेवढ्यात बायकोने एक साधा प्रश्न विचारला.

"पण आई, नऊ पायऱ्या तू चढणार कशी?"

"चढायचं कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "आज एकदा मला उचलून यांच्या घरी वर न्या, की झालं. दोन्ही जोती सारखीच होणार. मधला बोळ केवढा, हातभर. त्यावर फळ्या टाका, कठडा लावा. माझ्या दारातून निघाले की थेट यांच्या खोलीत. पायरीचं नाव नको."

साहेबांनी नियमांमध्ये शोधलं. दोन घरांमध्ये साकव बांधू नये असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या वरिष्ठांनाही विचारून पाहिलं, जरा आशेनेच. वरिष्ठ म्हणाले, "पुराच्या भागात तर उत्तमच. सुटकेचा मार्ग." कुणाच्या सुटकेचा, ते त्यांनी सांगितलं नाही.

घर झालं. साकव झाला, भक्कम झाला. साहेबांनी स्वतः तपासला, त्यामुळे आता तो पडायचीही सोय राहिली नाही. सासूबाई झोपतात आपल्या घरी, बाकी सगळं इकडे. चहाला येतात, गल्ली बघायला येतात, लेकीला कणीक कशी मळायची ते सांगायला येतात. साहेब कार्यालयातून परतले की नळी खुंटीला अडकवून स्टुलावर बसतात. खरी रेघ त्यांनी नदीवरच्या पुलाच्या दगडी खांबावर नव्याने मारून घेतली आहे. रंगवण्याआधी खांबाला खांदा लावून ढकलून बघितलं, असं रंगारी सांगतो. शिंप्याच्या भिंतीवरची जुनी रेघ पुसायला मात्र गल्लीने दिली नाही. पाहुण्यांना दाखवायला लागते.

परवा वरच्या बाजूला पाऊस झाला आणि नदीचं पाणी गल्लीत शिरलं. सगळे पायऱ्यांवर येऊन बसले. साहेब नळी घेऊन खाली उतरले, पँट दुमडून मधोमध उभे राहिले. सलूनवाला वरून त्यांच्या पायांकडे टक लावून बघत होता. खिडकीतून, वेताच्या खुर्चीतून, आवाज आला.

"जावईबापू, पाणी किती?"

"घोट्याला, आई."

"एवढंच? मग उद्या मी बहिणीला फोनवर काय सांगू?"

साहेबांनी खाली पाहिलं. पाणी घोट्याला होतं, त्यात काही वाद नव्हता. मग त्यांनी वर पाहिलं. नऊ-नऊ पायऱ्यांवर बसलेली अख्खी गल्ली त्यांच्या तोंडाकडे आशेने बघत होती.

"घोट्याच्या," साहेब घसा खाकरून म्हणाले, "चांगलं वीतभर वर."

"मग गुडघाच म्हणा की," सलूनवाला म्हणाला आणि पँट दुमडून पोहायच्या तयारीने पायऱ्या उतरू लागला.